म्हातारीचं नाक

म्हातारी ओढ्यात बुडाली आणि आमच्या घरात दोन भावांचं बोलणं बंद झालं. म्हातारी म्हणजे आमची दुधाची पिकअप. सासऱ्यांनी ती घेतली तेव्हाच तिची उमेदीची वर्षं उलटून गेली होती. तिचा रंग नेमका कोणता, यावर घरात कधी एकमत झालं नाही. दार उघडायचं तर आधी वर उचलायचं, मग ओढायचं, आणि तरीही तिच्या मनात असेल तरच ते उघडे. पण आमच्या काठावरच्या सगळ्या गोठ्यांचं दूध रोज सकाळी तीच पलीकडे नेई. गोठे अलीकडे, दूध केंद्र पलीकडे आणि मध्ये पूल नाही. गाई-म्हशींना पावसाळ्याची सुट्टी कोण देणार? पाणी असो नसो, कॅन भरायचे आणि ओढा ओलांडायचा.

तेव्हा गाडी आमचे हे चालवत आणि धाकटे भाऊजी मागे कॅन चढवत-उतरवत. त्या सकाळी पाणी बंपरच्या जरा वर होतं, म्हणजे पावसाळ्यात रोजचंच. भाऊजी ताप आल्यामुळे काठावरच राहिले होते. गाडी मधोमध गेली आणि कोणाची तरी म्हैस पुढ्यात येऊन उभी राहिली. ह्यांनी ब्रेक लावला. कोणीही लावला असता. पण गाडीने पुढे रेटलेलं पाणी म्हैस बघून थोडंच थांबणार? ते उलटं फिरलं, बॉनेटवर चढलं, आणि म्हातारीने एक उचकी दिली ती शेवटची. गाडी कलली आणि कॅन खालच्या डोहाकडे तरंगत निघाले. ते धरायला ह्यांनी पाण्यात उडी टाकली आणि काही वेळ डोकंसुद्धा दिसेना. मग बरेच खाली, लव्हाळ्यांत वर आले. झाकणं उघडून दूध सांडलं होतं, आणि ओढा जरा वेळ पांढरा झालेला मी काठावरून पाहिला.

अर्धं गाव तिथे जमलं होतं. तेवढ्या लोकांत भाऊजी ओरडले, "ज्याला पाणी कळत नाही, त्याने स्टेअरिंगला हात लावू नये!"

ह्यांनी किल्ली काढून भावाच्या हातावर ठेवली आणि ओल्या कपड्यांनी पायी घरी आले. इंजिन दुरुस्त होऊन आलं तेव्हापासून भाऊजी पुढे आणि हे मागे. धाकट्याने हॉर्न वाजवायचा आणि थोरल्याने कॅन उचलायचे. कोपऱ्यावरच्या दुकानदाराने ह्यांचं नाव 'पाणबुडे' ठेवलं. साखर आणायला गेले तरी, "या पाणबुडे, कोरडी हवी ना?" हे हसत. घरी आल्यावर पिशवी मात्र इतकी जोरात ठेवत की साखर बाहेर सांडे.

मला त्या नावाचं काही नव्हतं. नावं काय, गाव कुत्र्यालाही ठेवतं. पण स्टेअरिंग गेल्यापासून माझा माणूस घरात असून नसल्यासारखा झाला होता. जेवता जेवता हात थांबे. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला की बसल्या जागी उजवा पाय दाबला जाई. मला ते बघवत नसे. ह्यांनी पुन्हा एकदा पुढच्या सीटवर बसावं, एवढंच मी मागत होते, आणि ते कोणाकडे मागावं हे मला कळत नव्हतं.

उन्हाळा सरत आला तेव्हा दूध केंद्राचा मुकादम घरी आला. पाणी प्यायला आणि म्हणाला, "यंदा पाण्यापायी दूध अडलं तर फेरी ट्रॅक्टरवाल्याला द्यावी लागेल. माझा नाइलाज आहे." ट्रॅक्टरवाला आधीच रोज संध्याकाळी उगाचच आमच्या दारावरून जायचा. त्या दिवशीही गेला. भाऊजींनी दाराकडे पाठ केली. हे मात्र बाहेर येऊन ट्रॅक्टर दिसेनासा होईपर्यंत बघत राहिले.

"अहो, त्याला कशाला मान देताय एवढा?" मी म्हटलं.

"त्याला नाही. ट्रॅक्टरचं नाक बघत होतो. वर असतं बघ. म्हणून तो पाण्यात गुदमरत नाही."

दुसऱ्या दिवशी हे मिस्त्रीकडे गेले. मिस्त्री म्हणजे नाक्यावर गाड्या दुरुस्त करणारा, खांद्यावर कायम चिंधी टाकलेला, जोरात बोलणारा माणूस. तो म्हणाला, "इंजिनाला बाहेरून पाणी लागलं तर बाधत नाही. ते हवेबरोबर पाणी प्यायलं की संपलं. हवेचा डबा बॉनेटखाली आहे तुमचा. त्याला पाइप जोडा आणि टपाच्या वर काढा. मात्र मध्ये कुठे फट राहिली तर केलेलं सगळं पाण्यात."

रात्री जेवताना हे माझ्याकडे बघून म्हणाले, "त्याला सांग, दूध टाकून आल्यावर गाडी मला लागेल."

भाऊजी हाताच्या अंतरावर बसले होते. "वहिनी, विचारा, कशाला?"

"सांग, नाक बसवायचंय."

"वहिनी, म्हणावं, आधी असलेलं वाचवा."

वर्षभर मी दोघांच्या मध्ये बसून असं टपालखातं चालवत होते. त्या दिवशी माझं डोकं फिरलं. "मला जेवू द्या," मी म्हटलं. "आणि नाक कोणी कोणाचं कापलं ते सगळ्या गावाला माहीत आहे." जाऊबाईंनी खाली बघून हसू दाबलं. भाऊजी उठून गेले, पण सकाळी गाडीची किल्ली खिळ्याला लटकवून गेले होते.

मग सुरू झालं ते काम. आज आठवलं की वाटतं, एवढं सुख आम्हाला तेव्हा कळलंच नाही. पाइप विकत आणायचा प्रश्नच नव्हता. ह्यांनी शिडी लावली आणि घराच्या पन्हळीचा प्लास्टिकचा पाइप उतरवला.

"आणि पाऊस आला की माझ्या उंबऱ्यावर धार पडेल, तिचं काय?"

"तू बाजूला उभी राहा."

पाइप सरळ आणि गाडी वाकडीतिकडी. नाक मडगार्डमधून बाहेर काढून काचेच्या कडेने वर न्यायचं, तर त्याला बाक हवा. नुसता तापवून वाकवायला गेले तर पाइप मध्येच चपटा झाला. तेवढा तुकडा वाया गेला. हे तो घेऊन मिस्त्रीकडे गेले. मिस्त्रीने सांगितलं, आत गरम वाळू भरा, म्हणजे पोट सपाट होणार नाही. मग माझी कढई चुलीवर चढली आणि तिच्यात वाळू. मी आणि जाऊबाई आळीपाळीने वाळू परतत होतो. जाऊबाई म्हणाल्या, "ताई, मीठ घालू का?" आम्ही दोघी इतक्या हसलो की उलथणं खाली पडलं.

पाइपच्या एका तोंडाला बोळा कोंबला, दुसऱ्याने वाळू ओतली. जरा वेळाने पाइप मऊ पडला. ओली फडकी हाताला गुंडाळून ह्यांनी एक टोक धरलं, मी दुसरं, आणि माझ्या मोठ्या पातेल्याच्या पोटाला लावून हळूहळू वाकवला. वाफेने डोळ्यांत पाणी येत होतं. ह्यांचं फडकं सरकलं आणि तळहाताला फोड आला, पण हात सोडला नाही. पाइप निवला, वाळू सांडून टाकली, तर गोल गरगरीत बाक. ह्यांनी त्यात तोंड घालून मला हाक मारली. दुसऱ्या टोकाने ती भोंग्यासारखी माझ्या कानात आली. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण असा खट्याळपणा मी ह्यांचा फार दिवसांत पाहिला नव्हता.

मडगार्डला भोक पाडायचं काम माझ्याशिवाय अडलं. मी शिवणकाम करते. हे डोळ्याने अंदाज घेऊन पत्रा कापायला निघाले तेव्हा मी पत्र्याची कात्री काढून घेतली. "गळा असा कापतात का? आधी कागद." वर्तमानपत्र पत्र्यावर ठेवलं, पाइप तिरका जातो म्हणून भोक गोल नको, लांबट हवं, हे मला बाही कापून कापून ठाऊक होतं. कागद कापला, खडूने रेघ मारली. "रेघेच्या आत कापा. लहान झालं तर वाढवता येतं. मोठं झालं तर ठिगळ." हे मुकाट्याने आत कापत गेले, मग कानशीने घासत घासत रेघेपर्यंत आले. पाइप बसला तो असा की बोट शिरेना.

हवेचा डबा आणि पाइप यांच्यामध्ये ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबचा तुकडा दुहेरी चढवला, वरून क्लिपा आवळल्या. वरचं तोंड मागे वळवलं, त्यात पालापाचोळा जाऊ नये म्हणून माझ्या चाळणीची जाळी. पाइप डाव्या खांबाला पट्ट्यांनी बांधला. दाराचा उरलेला काळा रंग दिला. पातेलं डागाळलं, चाळण गेली, पन्हळ गेली. म्हातारीला नाक आलं आणि माझा अर्धा संसार त्यात गेला.

या सगळ्यात भाऊजी कुठे होते? आजूबाजूलाच. दूध टाकून आले की लांब बाकावर बसून सिगारेट ओढत बघायचे. पाना हवा असला की हे मला म्हणत, "तो पाना." मी पोचायच्या आत पाना बाकावरून उडून ह्यांच्या पायाशी येऊन पडे. पण तोंडातून शब्द नाही.

नाक तपासायचं ठरलं त्या संध्याकाळी अंगणात माणसंच माणसं. दुकानदार दुकान टाकून आला होता. ट्रॅक्टरवालाही दात कोरत उभा होता. मिस्त्रीने गाडी सुरू केली आणि ओरडून सांगितलं, "नाकावर हात ठेवा. गुदमरून बंद पडली तर काम पक्कं. चालूच राहिली तर कुठूनतरी चोरून हवा घेतेय म्हणून समजा."

हे पायरीवर चढले. फोड आलेला हात नाकावर घट्ट दाबला.  म्हातारी आपली धडधडत राहिली. ह्यांनी दोन्ही हात लावले. तिला काही फरक नाही. उलट जरा मजेतच चालल्यासारखी वाटली.

"पाणबुडे," दुकानदार म्हणाला, "म्हातारीने दुसरं नाक कुठे लपवलंय?"

अंगण हसून हसून दुमडलं. हे खाली उतरले नाहीत. हात नाकावर तसेच, मान खाली. मला दुकानदाराच्या डोक्यात पातेलं घालावंसं वाटलं. माणसं पांगली, मिस्त्रीही "उद्या बघू" म्हणून गेला, तेव्हा कुठे ह्यांनी हात काढले.

"अहो, उद्या कशाला? आत्ताच बघू," मी म्हटलं. गाडी चालूच होती. साबणाचा फेस करून प्रत्येक जोडावर लावला. बुडबुडा आत ओढला जातो का ते बघायचं. एकही जोड फुटका नव्हता. मी वाकून बघत होते आणि माझ्या बाहीला शिवणाचा एक दोरा चिकटलेला होता. तो लोंबत हवेच्या डब्याच्या तळाशी गेला आणि सुळकन् आत शिरायला लागला.

डब्याच्या तळाला एक छोटं, नीट घासलेलं भोक होतं.

भाऊजी कधी उठून शेजारी येऊन उकिडवे बसले, मला कळलंही नाही. "हे भोक कोणी पाडलं?" त्यांनी विचारलं. मला नाही, ह्यांना.

"मी."

"कशाला?"

"पाणी जायला. वरून चुकून शिरलंच, तर."

आता हसतील, असं मला वाटलं. कारण हसण्यासारखंच होतं. सासरे गवंडी होते, आणि त्यांचा एकच मंत्र होता: पाणी कुठूनही येतं, त्याला जायला वाट ठेवा. आमच्या घरात कुंपणाच्या भिंतीला भोक, बाकाला भोक, कोंबड्यांच्या खुराड्याला भोक. नवी बादली आणली की मी ती दोघा भावांपासून लपवून ठेवायची. आणि आता बापाचं ऐकून लेकाने नाक आभाळात नेलं होतं, आणि तोंड पाण्याखाली उघडं ठेवलं होतं.

भाऊजी हसले नाहीत. भोकाला बोट लावून म्हणाले, "मीही पाडलं असतं."

हे त्यांच्याकडे बघायला लागले.

"बुजवलं, तर आत आलेलं पाणी जाणार कुठे?" हे म्हणाले.

"बुजवू नको. वाट असू दे, तिला दार लाव. एक बोल्ट बसव रबर घालून. पाण्यात जाताना बंद, घरी आल्यावर उघडा."

बोल्ट भाऊजींनीच शोधला. पुन्हा गाडी सुरू केली तेव्हा ह्यांनी त्यांना पायरीकडे खूण केली. भाऊजी चढले, हात नाकावर ठेवला. म्हातारी थरथरली, खोकली आणि गप्प झाली.

"ओढतंय रे दादा!" भाऊजी ओरडले. "तळहात सोडत नव्हती!"

वर्षानंतरचा तो पहिला 'दादा'. जाऊबाई आत जाऊन रडल्या. मी बाहेरच रडले, मला आत जायला सुचलं नाही.

पण म्हणून लगेच सगळं ठीक झालं नाही. बोलणं सुरू झालं, तरी किल्ली भाऊजींकडेच राहिली. ह्यांनी मागितली नाही, त्यांनी दिली नाही. पाऊस लागला, पाणी चढ-उतर करत राहिलं, भाऊजी पुढे आणि हे मागेच. मला वाटलं, नाक बसवलं ह्यांनी आणि ते मिरवणार दुसराच.

मग ती सकाळ आली. रात्रभर पाऊस कोसळला होता. ओढ्याला खालून तुंब लागली होती, त्यामुळे पाण्याला ओढ फार नव्हती, पण खोली होती. पाणी किती ते दाखवणारा खुणेचा दगड बुडून गायब. कॅन काठोकाठ भरलेले. त्यावर ताडपत्री धरायला मीही मागे चढले होते. पलीकडे छत्री घेऊन मुकादम उभा, आणि आमच्या मागे ट्रॅक्टरवाला इंजिन सुरू ठेवून थांबलेला. गर्दी तर होतीच.

भाऊजींनी बोल्ट आवळला, गाडी पाण्याच्या कडेपर्यंत नेली आणि थांबवली. परत मागे घेतली. पुन्हा पुढे नेली, पुन्हा थांबवली. मग उतरून मागे आले. 

"दादा, माझ्याच्याने नाही होत."

"नाक आहे ना आता," हे म्हणाले.

"गाडीला आहे. मला नाही." ते पाण्याकडे बघत होते. "तू बुडालास ना, तेव्हा मी इथेच उभा होतो. तू वर येईचना. मला वाटलं, गेला. मग तू तिकडे लव्हाळ्यांत दिसलास, आणि माझ्या तोंडून ते निघून गेलं. मला पाणी नाही कळत, दादा. तुला कळतं."

हे त्यांनी हळू आवाजात सांगितलं नाही. ट्रॅक्टरवाल्यालाही ऐकू गेलं, दुकानदारालाही गेलं.

ह्यांनी भावाच्या खांद्यावर हात टेकून खाली उडी मारली. पुढे गेले, दार वर उचललं, ओढलं, आणि पहिल्याच झटक्याला ते उघडलं. मीही उतरले आणि डाव्या बाजूने आत जाऊन बसले.

"तू कशाला?"

"माझी चाळण आहे वर."

जाऊबाई काठावरून ओरडल्या, "ताई, वेड लागलंय का?" तोवर आम्ही पाण्यात होतो.

भीती वाटली नाही असं कसं म्हणू? पाणी दाराच्या फटीतून आत आलं, घोट्यापर्यंत, मग पोटऱ्यांपर्यंत. दिवे बुडाले. मग बॉनेटच दिसेना, नुसती समोर पाण्याची एक वळी, आणि ती आमच्या पुढे पुढे चाललेली. हे पुटपुटत होते, "थांबायचं नाही, घाई नाही. थांबायचं नाही, घाई नाही." मी खिडकीतून हात बाहेर काढून पाइप धरला. तो आतून थरथरत होता, श्वास ओढत होता, जिवंत माणसाच्या छातीला हात लावावा तसा. मधोमध ओंडका आडवा आला. ह्यांचा पाय ब्रेककडे गेलेला मी पाहिला. गेला आणि परत आला. ओंडका बाजूला लोटला गेला आणि आम्ही पुढे सरकलो.

पुढची चाकं चढाला लागली तेव्हा म्हातारीच्या अंगावरून चहूकडून धारा लागल्या. ह्यांनी गाडी केंद्राच्या दारात उभी केली, पण हात स्टेअरिंगवरून निघेनात. मी एकेक बोट उलगडून सोडवलं.

मुकादमाने कॅनची झाकणं उघडली, वास घेतला आणि तोंड गंभीर करून विचारलं, "पाणी नाही ना मिसळलं?"

हे असे हसायला लागले की त्यांना खाली बसावं लागलं. मुकादमही हसला. "उद्या वेळेवर या," म्हणाला आणि दूध मोजायला आत गेला. फेरी आमच्याकडे राहिली, हे त्याने एवढ्यातच सांगून टाकलं.

"तो तिकडे एकटाच राहिला," हे म्हणाले.

आम्ही रिकामे कॅन घेऊन परत पाण्यातून गेलो. भाऊजी सोडलं होतं तिथेच उभे होते, भिजून चिंब. लोक ह्यांच्याभोवती जमले, पण ह्यांनी इंजिन बंद केलं नाही, खालीही उतरले नाहीत. फक्त डावीकडचं दार आतून ढकललं. मी सरकले, भाऊजी चढले. एका सीटवर आम्ही तिघं दाटीवाटीने, सगळ्यांचे कपडे ओले.

भाऊजींना वाटलं, आता घराकडे. ह्यांनी गाडी वळवली आणि पुन्हा ओढ्यात घातली.

आता पलीकडे आमचं काही काम नव्हतं. कॅन रिकामे होते. जाऊबाई काठावरून आम्हा तिघांच्या नावाने बोटं मोडत होत्या. पाणी पायांत आलं, वळी पुढे चालली, भाऊजींनी खिडकीतून हात काढून बाहेरचा पाइप घट्ट धरला आणि पाण्याच्या मधोमध पोचेपर्यंत डोळे मिटून घेतले. मग उघडले. मग ते सासऱ्यांपासून घरात चालत आलेलं, फाटक्या आवाजातलं हसू हसायला लागले, हेही हसायला लागले, आणि मी दोघांच्या मध्ये अंग चोरून बसले होते तरी हलत होते. त्यानंतर पुष्कळ बरे दिवस आले, पण तसा एकही आला नाही.

पलीकडच्या चढावर गाडी थांबली. मुकादम दारात येऊन बघत राहिला.

"आता?" भाऊजींनी विचारलं.

"आता तू," हे म्हणाले आणि दार उचलून खाली उतरले.